फिटची हकीकत

सोलापुरात दवाखाना सुरू केला त्या पहिल्या काही वर्षांत फिट येणारी बरीचशी माणसं माझ्याकडे यायची, महिन्याच्या गोळ्या न्यायची आणि पुन्हा दिसायची नाहीत. मी मेंदूच्या आजारांची डॉक्टर. फिट, जिला आपल्याकडे कुणी फेफरं म्हणतं तर कुणी मिरगी, हा माझ्या कामातला मोठा भाग. बऱ्याच जणांच्या फिट रोजच्या गोळ्यांनी थांबतात, हे मला शिकताना आणि वॉर्डात राबताना पक्कं कळलं होतं. समोर बसलेल्या माणसाला मात्र ते कधी कुणी दाखवलं नव्हतं.

येणारे तोंडाला स्कार्फ नाहीतर टॉवेल गुंडाळून येत. बार्शीचा माणूस बार्शीत दाखवत नसे, सोलापूरला येई. सोलापूरचा पुण्याला जाई. लग्नाची मुलगी असली तर तिची आई बाहेरच्या बाकावर बसायलाही तयार नसे. "लवकर आत घ्या की, वळखीचं कुनी बघंल," असं माझ्या कंपाउंडरला हळूच सांगे. अंगारा देणाऱ्या बाबाकडे हीच माणसं वर्षानुवर्षं जात, कारण तिथं जाऊन आलेला शेजारी त्यांना माहीत असे. माझ्या गोळ्यांनी फिट थांबलेला माणूसही त्यांच्याच गल्लीत राहत असे, पण तो बोलत नसे.

जाहिरातीचं काम करणारा एक ओळखीचा गृहस्थ मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही लोकांना दिसतच नाही. चौकात फ्लेक्स लावू. 'फिटवर खात्रीशीर उपचार.'"

"खात्रीशीर लिहायचं नाही," मी म्हणाले.

"मग काय लिहू? 'बघू या' लिहू का?"

शेवटी नुसतं नाव, पदवी आणि फोटो असा फ्लेक्स लागला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या आणि कुणाच्या तरी निवडीबद्दलच्या अभिनंदनाच्या मधोमध मी काही आठवडे उन्हात लटकत राहिले. तो बघून जे आले, त्यातले बहुतेक एकच विचारत, "एका इंजेक्शनात जातं का?" मी नाही म्हटलं की उठून जात.

मग मी बार्शी तालुक्यातल्या वैरागला व्याख्यान दिलं. शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून मेंदूची रंगीत चित्रं दाखवली, मेंदूत विजेसारखे संदेश कसे फिरतात आणि मधेच गोंधळ होऊन फिट कशी येते, ती आली तर काय करायचं ते समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर एकानं गुडघेदुखीचं विचारलं, दुसऱ्यानं बीपी तपासून मागितलं. फिट हा शब्द कुणाच्याही तोंडून निघाला नाही. सामान आवरून बाहेर पडताना फाटकापाशी एक बाई आणि तिची दहावी-अकरावीतली मुलगी उभ्या दिसल्या. मुलीच्या कपाळापासून गालापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. स्वयंपाक करताना फिट येऊन चुलीवर पडलेल्यांचे असे चेहरे मी पाहिले होते. मी त्यांच्याकडे जाऊ लागले तशी आईनं मुलीचा दंड धरला आणि दोघी भराभर चालायला लागल्या.

ती मुलगी उपचारावाचून राहता कामा नये, एवढंच परतताना गाडीत डोक्यात होतं. माझं बोलणं कमी पडत असेल तर दुसरं काहीतरी शोधायचं. पण ते दुसरं म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात करमाळ्याकडच्या केम गावाहून एक तिशीची बाई आईला घेऊन सकाळच्या गाडीनं आली. ती घरी ब्लाउज-परकर शिवायची. पुढं आमच्या दवाखान्यात सगळे तिला 'केमच्या ताई' म्हणू लागले, म्हणून मीही तसंच लिहिते. तिच्या हातात जुन्या कागदांची जाडजूड पिशवी होती. मी पिशवीकडे हात केला तशी ती म्हणाली, "कागद नंतर बगा. आदी माजं ऐका."

खरं तर आमच्या शाखेत ऐकणं हीच पहिली तपासणी. मेंदूचा आलेख काढला तर पुष्कळदा तो अगदी साफ निघतो, आणि तरीही माणसाला फिट येत असतात. निदान होतं ते हकीकतीवरून. मी पेन खाली ठेवलं.

"आदी वास येतो," ती म्हणाली. "गुऱ्हाळात काहिलीला गूळ लागला की येतो की नाय, तसा. कुनालाच येत न्हाई, मलाच येतो. मंग ओठाची ही बाजू उडती. मंग काय ठावं न्हाई. डोळं उघडलं की माणसं भवतीनं उभी आन् नाकाला कुनाची तरी चप्पल. शुद्धीवर आलं की पयला वास चपलेचा. फिटपेक्षा त्येचीच लई लाज वाटायची."

पुढचं तिला आठवणं शक्य नव्हतं, म्हणून मी आईकडे वळले. "मावशी, तुम्ही बघितलंय. कशी मान फिरते, हात कसे होतात, मला करून दाखवाल?"

मावशी खुर्चीवरून उठल्या. पदर खोचला, मान डावीकडे वळवली, डावा हात ताठ केला, आणि मग दोन्ही हातांना झटके देता देता रडायला लागल्या. लेकीनं त्यांना धरून बसवलं. तेवढ्यात मला जवळजवळ सगळं कळलं होतं.

"इतकं डाक्टर झालं," ताई म्हणाल्या, "समदे इचारायचे, कवापासनं येती. कशी येती म्हणून कुनी इचारलं न्हाई."

मग मी माझं सांगितलं. कुठली गोळी देणार, ती किती वर्षं घ्यावी लागेल, काय काय बिघडू शकतं. "अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच थांबवायची आणि मला फोन करायचा. एक दिवससुद्धा थांबायचं नाही."

दुसऱ्याच आठवड्यात फोन आला. अंगभर पुरळ उठलं होतं. मी त्यांना ताबडतोब बोलावून घेतलं आणि गोळी बदलली. मला वाटलं, आता या परत येणार नाहीत. पण त्या आल्या, आणि पुढं कधीतरी त्यांनीच सांगितलं की त्यांचा विश्वास बसला तो त्या पुरळानं. "तुमी आदीच सांगितलं हुतं आन् तसंच झालं. मंग म्हणलं, ही बाई झाकत न्हाई काय."

नव्या गोळीनं फिट विरळ झाल्या. मधे करमाळ्याला चुलत भावाच्या लग्नात त्या गोळ्या घरीच विसरल्या आणि भर मांडवात पडल्या. मी रागावेन म्हणून मान खाली घालून आल्या होत्या. रागावण्यात अर्थ नव्हता. गोळ्यांचं एक पाकीट कायम पर्समध्ये ठेवायचं, असं आम्ही ठरवलं. त्यानंतर मात्र फिट आली नाही. मांडवातल्या फिटनंतर मावशींनी, पोरगी मशीनवर पडेल या भीतीनं शिलाई मशीनचा पट्टाच काढून गव्हाच्या कोठीत लपवून ठेवला होता. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी तो स्वतःच्या हातानं परत चढवला, हे सांगायला ताईंनी मुद्दाम फोन केला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे वैरागला त्यांनीच सांगायला हवं.

विचारायला मी बिचकत होते. डॉक्टरनं काही मागितलं की रुग्णाला नाही म्हणणं जड जातं. म्हणून पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा मी आधी हेच बोलले. "नाही म्हणालीस तरी तुझ्या उपचारात काही फरक पडणार नाही. आणि आज उत्तर देऊच नकोस."

मावशींनी उत्तर लगेच दिलं. "न्हाई. तिचं लगीन व्हायचं हाय अजून."

काही आठवड्यांनी ताईंचा फोन आला. "येते मी वैरागला. आईला मनवलंय. मनवलंय म्हंजी, ती गप बसलीय."

"नाव सांगायची गरज नाही. फोटो काढायचा नाही," मी म्हणाले.

"नाव झाकून बोलले तर ऐकनारा म्हनंल, हीच एवढं झाकती, मंग आपन कशाला उघडं पडायचं? समोर उभी ऱ्हाऊन सांगते. पर समदं सांगनार. पुरळ आलं ते, मांडवात पडले ते."

हे कळल्यावर फ्लेक्सवाले गृहस्थ उत्साहानं दवाखान्यात आले. व्हिडिओ काढू, मोबाइलवर गावोगाव जाईल, म्हणाले. सोबत त्यांनी बोलायचा मजकूरही टाइप करून आणला होता. त्यात 'मी पूर्ण बरी झाले, मला नवं आयुष्य मिळालं' असं होतं. ताईंनी तो वाचला आणि परत दिला. "बरी कुटं झाले? गोळी खाते की रोज."

"ताई, लोकांना चांगलं ऐकायचं असतं," ते म्हणाले.

"लोकांनी लई चांगलं ऐकलंय. मी पन ऐकलं हुतं बाबाकडं."

मी त्या गृहस्थांचे आभार मानले आणि व्हिडिओ नको म्हणून सांगितलं. त्यांचं माझ्याविषयीचं मत त्या दिवशी खराब झालं असणार. पण माझ्या मनात आता काही शंका उरली नव्हती. दवाखाना हळू चालला तरी चालेल, पण जे खरं नाही ते सांगून कुणाला आत आणायचं नाही.

वैरागला या वेळी प्रोजेक्टर नव्हता. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी माणसं जमवली होती. सतरंज्या पसरल्या होत्या, मागं थोड्या खुर्च्या. मी दोन-चार वाक्यं बोलून बसले. ताई उभ्या राहिल्या. पिवळी साडी, केस घट्ट बांधलेले. सुरुवातीला आवाज इतका बारीक होता की मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज न्हाई येत!"

"येतोय आता?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मला फिट येत्यात. अठरा वर्साची हुते तवापासनं."

त्यांनी वासाचं सांगितलं, ओठाचं सांगितलं, चपलेचं सांगितलं. चपलेपाशी काही बायकांनी माना खाली घातल्या. एका बाबानं लिंबाच्या झाडाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या त्याचं सांगताना त्या म्हणाल्या, "वर्सभर मारल्या. झाड वाळलं, मी तशीच." तेव्हा सगळे हसले आणि हॉलमधला ताण जरा सैल झाला. मग त्यांनी गोळीचं सांगितलं, पुरळाचं, झोप यायची त्याचं, मांडवात पडल्याचं. "मी बरी झाले असं सांगायला आले न्हाई. मी गोळी खाते आन् काम करते. दोन दिस चुकली तर पडते, हे बी बघितलंय. एवढंच हाय."

त्या खाली बसल्या. मग मागच्या खुर्चीवरून एका माणसानं विचारलं, आणि मला नाही, त्यांना विचारलं. "गोळीनं डोकं जड व्हतं का?"

"सुरवातीला व्हतं. मंग कमी झालं."

"गोळी बंद कवा करायची?"

"आपल्या मनानं कवाच न्हाई. म्याडम सांगतील तवा."

"पोरंबाळं व्हत्यात का पन?" हे एका म्हातारीनं विचारलं.

ताई माझ्याकडे वळल्या. "हे म्याडमला इचारा. माजं लगीन झालं न्हाई, मला काय ठावं?"

मी उठले. होतात, म्हणाले, फक्त आधी येऊन सांगायचं, म्हणजे गोळ्या बदलायच्या असतील तर वेळेवर बदलता येतात. त्यावर आणखी तीन-चार प्रश्न आले. फिट आली की काय करायचं, तेही विचारलं गेलं. मी सांगितलं: कुशीवर वळवायचं, गळ्याभोवतीचं सैल करायचं, तोंडात काही घालायचं नाही, दातखीळ उघडायला जायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडीत घालून दवाखाना गाठायचा. याच हॉलमध्ये हेच मी आधीही बोलले होते. तेव्हा माणसं माझ्याकडे पाहत होती, आता ती ऐकत होती.

सभा उठल्यावर कपाळावर व्रण असलेल्या त्या मुलीची आई मला भिंतीपाशी दिसली. या वेळी मी तिच्याकडे गेले नाही. ती ताईंकडे गेली. दोघी बराच वेळ हलक्या आवाजात बोलत उभ्या होत्या. काय बोलल्या ते मला ताईंनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ती बाई मुलीला घेऊन दवाखान्यात आली आणि बाहेरच्या बाकावर, स्कार्फ न बांधता, नंबर येईपर्यंत बसली.

त्यानंतर आम्ही आणखी काही गावांत गेलो. रुग्ण वाढले. अर्ध्यावर गोळ्या सोडणारे कमी झाले. मी खुशीत होते.

एका दुपारी मावशी एकट्याच दवाखान्यात आल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. ताईंच्या धाकट्या भावाचं लग्न बार्शीच्या एका मुलीशी ठरत आलं होतं. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं की नवऱ्या मुलाची बहीण गावोगाव फिरून आपल्याला फिट येते म्हणून सांगते. त्यांनी बोलणी थांबवली.

"तुमचा दवाखाना भरला, बाई," मावशी म्हणाल्या. "माज्या घरात काय ऱ्हायलं?"

बाहेरच्या खोलीत खरंच जागा नव्हती, ते त्यांना दारातूनच दिसलं असणार. परवानगी मी ताईंची घेतली होती. पण गोष्ट एकट्या ताईंची नव्हती, ती त्या घराचीही होती, आणि तिची झळ कुणाला लागेल हे बाहेरून दिसत नाही. "मी बार्शीला जाते," मी म्हणाले. "त्यांना नीट समजावून सांगते."

हे ताईंना कळलं तेव्हा त्यांनी मला फोनवरच थांबवलं. "तुमी एकट्या गेल्या तर ते व्हय-व्हय म्हनतील आन् तुमी गेल्यावर न्हाई म्हनतील. मी येते."

"तुला तिथं काही ऐकावं लागलं तर?"

"मी कमी ऐकलंय का आजपातूर?"

तशा आम्ही तिघी गेलो, ताई, मावशी आणि मी. बार्शीत बाजारपेठेच्या मागं त्यांचं घर होतं. खाली धान्याचं दुकान, वर राहणं. मुलीचे काका बोलायला बसले. मुलीची आजी कॉटवर बसून होती, ऐकत होती. चहा झाला. मी सांगितलं, की हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, मुलाला स्वतःला काही नाही, बहिणीचा आजार आटोक्यात आहे.

"म्याडम, तुमचं समदं खरं," काका म्हणाले. "पर उद्या आमच्या पोरीला लेकरं झाली आन् त्यातल्या एकाला निघालं तर? निघनार न्हाई असं लिहून द्याल का?"

"नाही," मी म्हणाले. "शक्यता फार कमी आहे. पण अजिबात नाही असं मी सांगणार नाही. तसं तुमच्या घरासाठीही कुणी सांगू शकणार नाही, आणि माझ्याही."

आजीनं कॉटवर जागा बदलली. तेव्हा ताई बोलल्या. "काका, तुमी न्हाई म्हणा, माजं काय म्हननं न्हाई. पोरगी तुमची हाय. पर माजं कारन हाय तर तेच सांगा. मानपानाचं, पत्रिकेचं कारन सांगू नका. माज्या भावात खोट काढू नका."

काका मान हलवून "बघतो, विचार करतो" म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचा नकार आला. कारण मात्र त्यांनी तेच सांगितलं.

त्या घरून निघाल्यावर बार्शीच्या एसटी स्टँडवर आम्ही केमकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो तेव्हा मावशी एकदम म्हणाल्या, "बोललीस ते बरं केलंस." ताईंनी आईकडे बघितलं. "आता झाकून तरी काय करायचं," मावशी म्हणाल्या आणि पिशवीतून काढून आम्हा दोघींच्या हातावर शेंगदाण्याची चटणी-भाकरी ठेवली. भावाचं लग्न पुढच्या साली दुसरीकडे झालं. त्या वेळी पाहुणे घरात आल्या आल्या, पोहे यायच्या आधी, मावशींनीच ताईंच्या फिटचं सांगून टाकलं होतं.

बार्शीचं ते प्रकरण मनातून जवळजवळ मागं पडलं होतं, तेव्हा एका सकाळी बार्शीची ती आजी माझ्या दवाखान्यात आली. सोबत चाळिशीचा एक माणूस होता, अंगानं रुंद, नजर खाली. तो तिचा धाकटा मुलगा, त्या काकांचा भाऊ. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. दुकानात तो बसत नसे. कुणी विचारलं तर "तब्येत नाजूक असते," असं घरात सांगायची पद्धत होती.

आजी म्हणाली, "तुमी आल्ता त्या दिवशी ह्यो आतल्या खोलीत हुता. भिंतीला कान लावून समदं ऐकलं. तुमी गेल्यावर मला म्हणला, आई, मला त्या बाईंच्या डॉक्टरकडं ने. थोरला नको म्हनत हुता. म्हनून एवढं दिस लागलं."

त्या मोडलेल्या लग्नाबद्दल ती काही बोलली नाही. मीही तो विषय काढला नाही. त्या माणसाला लहानपणापासून फिट येत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यानं नियमित औषध कधी घेतलेलं नव्हतं. मला थोडा रागही आला. ज्या घरात हे होतं, त्याच घरानं ताईंच्या भावाला नाकारलं होतं. पण तो समोर बसून स्वतःची हकीकत जुळवत होता, अडखळत, आयुष्यात पहिल्यांदा, आणि माझं काम ती पूर्ण ऐकणं हे होतं. हे ताईंना सांगायचं का, म्हणून मी त्याला विचारलं. "सांगा," तो म्हणाला. मी सांगितलं. ताई म्हणाल्या, "गोळी चुकवू नको म्हणावं."

या सगळ्यानंतर आमच्या सभांची रीत बदलली. कुणी बोलायचं म्हटलं तर मी त्याला पुन्हा पुन्हा विचारते, घरच्यांना सोबत बोलावते, कुणाचं लग्न ठरत असेल तर ते होईपर्यंत थांबायला सांगते. सभेच्या दिवशी दारात येऊन नको वाटलं तर घरी परत पाठवते. आणि मी स्वतः बोलते तेव्हा ज्यांच्या फिट माझ्या गोळ्यांनी थांबल्या नाहीत त्यांचंही सांगते. अशी माणसं आहेत. त्यांना मी कुठं पाठवते, ते काय करतात, तेही सांगते. एका डॉक्टरमित्रानं मला विचारलं, अपयशाची जाहिरात कशाला करतेस? मी म्हणाले, समोरच्या माणसाला ते आधीपासून माहीतच असतं. मला माहीत आहे की नाही, हे तो तपासत असतो.

गेल्या उन्हाळ्यात ताई तपासणीला आल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "म्याडम, आता माजं बोलणं पुरे."

"काही झालं का?"

"न्हाई. दुकान टाकलंय मी केममधी, स्टेशनच्या रस्त्याला. परवा एक बाई आली, माप द्यायच्या आदी म्हणली, तुमीच त्या फिटवाल्या का? मला तिचा राग न्हाई आला. पर आता मला शिवनारी म्हणून वळखू द्या."

मी लगेच हो म्हटलं. मनातून मात्र धसका घेतला होता. पुढच्याच महिन्यात बार्शीला सभा ठरलेली होती आणि त्यांच्यासारखं बोलणारं माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. पुढं ढकलावी असं एकदा वाटलंही. पण लोकांना कळवलं होतं, आणि एका बाईच्या खांद्यावर उभं राहून हे काम कायमचं चालवायचं नव्हतं. मी गेले.

बार्शीच्या हॉलमध्ये पुष्कळ माणसं होती. मी माझं थोडक्यात बोलले आणि म्हणाले, "आज बोलायला कुणी ठरलेलं नाही. कुणाला सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तर आपण चहा घेऊन घरी जाऊ." आणि बसले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. माझी बोलायची सवय मला सारखी उठ म्हणत होती. ही शांतता आपण भरायची नाही, असं मनाला बजावून मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले.

मधल्या रांगेतून पन्नाशीचा एक माणूस उठला. तो माझा रुग्ण नव्हता, मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं. त्याला पाहून आजूबाजूच्यांनी मात्र माना वळवल्या. गावात तो ओळखीचा असावा.

"मी एसटीत डायवर हुतो," तो म्हणाला. "हितल्या समद्यांना ठावं हाय. एकदा घरी मला फिट आली. दुसऱ्या दिशी डेपोत गेलो आन् साहेबाला सांगितलं, मला स्टेरिंगवर बसवू नका. मागं पन्नास माणसं बसत्यात. खरं कारन त्या साहेबाबिगर कुनाला सांगितलं न्हाई. गावात म्हनाले, दारू पिऊन चालवली असंल, म्हनून उतरवला. मी म्हनू दिलं. दारू परवडली म्हणलं, फिट नको."

कुणीतरी "अरं देवा" म्हणालं. फिट कशी आली ते तो सांगायला गेला आणि अडला. मी उठणार तेवढ्यात त्याच्या शेजारी बसलेली बाई, त्याची बायको, उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्यांना त्या येळचं काय आठवत न्हाई," ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "म्या बघितलीया. मी सांगते." आणि तिनं सांगायला सुरुवात केली.